टांकसाळ कोणाच्या खिशात? 'रुपयाचा प्रश्न' आणि क्रिप्टोवरील नियंत्रणाचा वाद

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गाला एक मुलगा उशिरा आला आणि शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसला. दिवसा कुरिअरची डिलिव्हरी, रात्री मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यास, असा त्याचा दिनक्रम. वर्ग संपल्यावर तो बोलता झाला. एका 'कॉइन'मध्ये त्याने ८० हजार रुपये घातले होते. त्यातले ५० हजार आईने बचत गटातून उचललेले कर्ज होते. पहिले दोन महिने मोबाइलवरचा आकडा रोज वाढत होता, दोनदा थोडे पैसे हातातही आले. मग एका सकाळी ॲप उघडेचना.

योजना घेऊन आलेला माणूस परका नव्हता. 'जय भीम' म्हणत घरात येणारा, जयंतीच्या वर्गणीत पुढे असणारा आपलाच माणूस होता. त्याने या मुलाला मोबाइलवर एक चित्र दाखवले होते: एका बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला बिटकॉइनचे चिन्ह, आणि खाली 'बाबासाहेबांचाही सरकारी चलनाला विरोधच होता' अशा अर्थाचा मजकूर. मुलगा मला म्हणाला, "दादा, बाबासाहेबांचं नाव होतं म्हणून मी जास्त विचार केला नाही."

हे वाक्य मला झोपू देईना. म्हणून हा लेख. क्रिप्टोवर सरकारने बंदी घालावी, नियंत्रण ठेवावे की मोकळे सोडावे, हा वाद देशात दहा-बारा वर्षे चालू आहे. त्या वादात बाबासाहेबांचे नाव दोन्ही बाजूंनी वापरले जाते. कोणी म्हणते, त्यांनी सरकारच्या चलनावर अविश्वास दाखवला. कोणी म्हणते, रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली, म्हणून बँक म्हणेल तेच खरे. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. पूर्ण गोष्ट समजून घ्यायची तर शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

चांदीचा रुपया आणि बंद झालेली टांकसाळ

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे, खर्चापुरते शुल्क द्यावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी व्यवस्था होती. रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. सरकारला मनात येईल तेवढे रुपये काढता येत नव्हते, कारण चांदी फुकट मिळत नव्हती.

नोटांचे मात्र वेगळे होते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथल्या प्रेसिडेन्सी बँका स्वतःच्या नोटा काढत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. नंतर मुंबईतच एक धडा मिळाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैशांचा पूर आला, आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीसारख्या शेअरांचे भाव आकाशाला भिडले. बँक ऑफ बॉम्बे हे शेअर तारण ठेवून कर्ज वाटत होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या भावाचे झाले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी उभी करावी लागली. 'भाव वाढतोय म्हणून घ्या, घेताय म्हणून भाव वाढतोय' हा खेळ मुंबईने ब्लॉकचेनच्या दीडशे वर्षे आधी पाहिला आहे.

पुढे १८७० च्या दशकात युरोपातले देश सोन्याकडे वळले आणि चांदी स्वस्त होत गेली. जवळपास दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. इंग्लंडला दरवर्षी पाठवायचे 'होम चार्जेस' पौंडात द्यावे लागत, त्यामुळे सरकारची तिजोरी अडचणीत आली. तेव्हा जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. म्हणजे नेमके काय झाले? लोकांना चांदी देऊन रुपये पाडता येईनात, पण सरकारला येत होते. रुपयावर छापलेली किंमत आता त्यातल्या चांदीपेक्षा जास्त होती. जेवढे रुपये पाडावेत तेवढा नफा. टांकसाळीचे दार जनतेला बंद आणि सरकारला उघडे! पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स ठरला आणि देशाबाहेरच्या व्यवहारापुरते रुपयाचे सोन्याशी नाते ठेवले गेले. अर्थशास्त्रात याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीचे समर्थन केले आणि त्याच सुमारास नेमलेल्या चेंबरलेन आयोगाचे ते सदस्यही होते.

बत्तीस वर्षांच्या तरुणाचा आक्षेप

अशा केन्ससमोर उभे राहून 'हे चुकीचे आहे' असे पुराव्यानिशी म्हणणारा एक भारतीय तरुण होता. १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने डॉ. भीमराव आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ काढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला हा प्रबंध. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची, आणि त्यात काही मुद्द्यांवर मतभेदही नोंदवलेले. तेव्हा बाबासाहेब ३२ वर्षांचे होते. आपण 'संविधानाचे शिल्पकार' म्हणून थांबतो आणि त्यांच्यातला अर्थशास्त्रज्ञ फक्त पोस्टरवर ठेवतो.

त्यांचा आक्षेप साध्या भाषेत असा होता. सरकार म्हणते, पौंडाशी रुपयाचा दर स्थिर आहे म्हणजे रुपया स्थिर आहे. बाबासाहेब विचारतात, बाजारात त्या रुपयाला किती धान्य आणि किती कापड येते? चलनाची खरी कसोटी म्हणजे त्याची खरेदीशक्ती. आणि रुपये किती काढायचे यावर कसलाही पक्का बांध नसेल, तर ती टिकणार नाही.

दुसरा प्रश्न ते विचारतात तो आपल्यासाठी आणखी महत्त्वाचा: रुपया घसरला की फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा? तेव्हा अनेक पुढारी स्वस्त रुपयाचे समर्थन करत, कारण त्याने निर्यात वाढते. बाबासाहेबांनी दाखवले की हा नफा आकाशातून पडत नाही. भाव आधी वाढतात, मजुरी मागून आणि कमी वाढते. मधला फरक म्हणजे व्यापाऱ्याचा नफा, आणि तो मजुराच्या ताटातून उचललेला असतो. चलनाच्या चर्चेत मजूर आणून बसवणारा अर्थतज्ज्ञ त्या काळात विरळाच होता.

१९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालचा शाही आयोग भारतात आला. बाबासाहेबांनी त्याला लेखी निवेदन दिले आणि साक्षही दिली. त्यांची योजना स्पष्ट होती. रुपये पाडणे पूर्ण थांबवा. टांकसाळ जनतेला बंद आहे तशी सरकारलाही बंद करा. सोन्याचे नाणे काढा. सोन्याचे नाणे आणि रुपया यांचे प्रमाण कायद्याने ठरवा. दोन्ही कायदेशीर चलन म्हणून चालू द्या, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन ठेवू नका.

आणि यामागचे कारण? माझ्या मते सगळ्या विचाराचा गाभा इथे आहे. बाबासाहेब म्हणतात, चलन सांभाळणारी बँक असेल तर चुकीच्या निर्णयाचा फटका तिच्या स्वतःच्या मालमत्तेला बसतो, म्हणून ती जपून वागण्याची शक्यता जास्त. सरकारी अधिकाऱ्याच्या हाती चलन असले की चूक त्याची होते, पण त्याच्या खिशातून काही जात नाही. म्हणून सरकारच्या लहरीवर चालणारे चलन धोक्याचे. निर्णय एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, ही रचनाच त्यांना मान्य नव्हती.

आता खरे सांगायचे तर आयोगाने त्यांची ही योजना स्वीकारली नाही. १९२६ च्या अहवालात सोन्याच्या नाण्यांऐवजी सुवर्ण धातू परिमाण आणि एक मध्यवर्ती बँक सुचवली गेली. पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. चलनाचे नियमन सरकारच्या थेट हातात नसावे, या विचाराला बाबासाहेबांनी बळ दिले हे निश्चित. पण 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली' एवढेच सांगून थांबणे म्हणजे त्यांचा विचार सोडून जन्मदाखला मिरवणे आहे. नोटाबंदीच्या वेळीही त्यांचे नाव असेच वापरले गेले. ज्या ग्रंथाचा सगळा रोख सरकारच्या मनमानीला बांध घालण्याकडे आहे, त्याच्या लेखकाचे नाव रातोरात ८६ टक्के चलन बाद करणाऱ्या निर्णयाला चिकटवले गेले! नाव उसने घेणाऱ्यांना ग्रंथ वाचायची गरज वाटत नाही. आपल्याला वाटली पाहिजे.

बिटकॉइनचा दावा

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक छोटा निबंध इंटरनेटवर आला. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला आणि त्यात, सरकार बँकांना पुन्हा वाचवण्याच्या बेतात असल्याची त्या दिवशीच्या लंडनच्या वर्तमानपत्रातली बातमी कोरली गेली. राग समजण्यासारखा होता. २००८ मध्ये मोठ्या बँकांनी जुगार खेळला, हरल्या, आणि भरपाई जनतेच्या पैशातून झाली. घरे गेली ती सामान्यांची. म्हणून बिटकॉइनवाले म्हणाले: ना बँक, ना सरकार, हिशेबवही सगळ्यांकडे, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच नाहीत.

इथे आपल्यातले काही हुशार तरुण म्हणतात, "मग हेच तर बाबासाहेब सांगत होते. चलनाला कडक मर्यादा, सरकारची लहर नाही." हा युक्तिवाद हसून उडवण्यासारखा नाही. साम्य खरे आहे. पण फरक त्याहून मोठे आहेत.

पहिला फरक खरेदीशक्तीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरवर गेला आणि वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. नंतर पुन्हा वर गेला हेही खरे. पण या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात दुप्पट होईल की पाव, हे सांगता येत नसेल, तर ती वस्तू सट्ट्याची असेल, मजुरीची नाही. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. २०२५ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासाठी दुकानदारांवरची ती सक्ती काढून टाकावी लागली.

दुसरा फरक मर्यादेचा. मर्यादा बिटकॉइनला आहे, क्रिप्टोला नाही. कोणीही उठावे आणि नवे टोकन काढावे. आमच्या वस्तीत आलेला 'कॉइन' असाच होता. किती काढायचा, भाव किती दाखवायचा, ॲप कधी बंद करायचे, सगळे एका माणसाच्या हातात. १८९३ मध्ये टांकसाळ सरकारच्या ताब्यात होती. इथे ती एका ठगाच्या खिशात होती. ज्या अमर्याद टांकसाळीला बाबासाहेबांनी विरोध केला, नेमकी तीच त्यांचा फोटो लावून विकली जात होती.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. बाबासाहेबांची मर्यादा कायद्याने घातलेली होती. आयोगासमोर बोलता येत होते, विधिमंडळात वाद घालता येत होता, चूक दुरुस्त करता येत होती. मनमानीवर त्यांचा उपाय 'कायदाच नको' हा कधीच नव्हता. ज्यांच्याकडे पैसा, ओळख आणि जात यांचे पाठबळ आहे त्यांना कायद्याविना जगता येते. आपल्याला येत नाही. हे आपण गावकुसाबाहेर शिकलो आहोत.

भारतात काय घडले

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये आभासी चलनांबाबत पहिला जाहीर इशारा दिला. २०१७ मध्ये पुन्हा दिला. ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून तिने बँकांना क्रिप्टोशी संबंधित व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा नियमनाचा अधिकार मान्य केला. पण एक्स्चेंजमुळे बँकांना प्रत्यक्ष काही हानी झाल्याचे दाखवता येत नसताना एवढा टोकाचा उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे म्हटले. सरकारनेही लहरीने नाही तर कारण दाखवून वागावे, हे या निकालाचे मोल आहे.

दरम्यान सुभाषचंद्र गर्ग समितीने २०१९ मध्ये पूर्ण बंदी सुचवली होती. तिच्या विधेयकाच्या मसुद्यात दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनासाठी एक विधेयक यादीत आले, पण मांडलेच गेले नाही. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने वेगळी वाट धरली: बंदी नाही, मान्यता नाही, फक्त कर. नफ्यावर ३० टक्के आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणले.

हा कर कसा बसतो पाहा. समजा तुम्ही एका नाण्यात १० हजार कमावले आणि दुसऱ्यात १० हजार गमावले. हातात शून्य. तरीही कमावलेल्या दहा हजारांवर ३ हजार कर आणि वर उपकर, कारण तोटा वजा करता येत नाही. जिंकलात तर सरकार भागीदार, हरलात तर तुम्ही एकटे.

आणि फसवले गेलात तर? बँकेतली ठेव ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. शेअर बाजारावर सेबी आहे. क्रिप्टोसाठी असे काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, आणि लाखो भारतीयांच्या पैशांचा हिशेब सिंगापूरच्या न्यायालयात मांडावा लागला. डिलिव्हरी करणारा आमचा मुलगा सिंगापूरला तारखेला जाणार आहे का? पुण्यात २०१८ मध्ये उघड झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार त्यात सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले. तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, वर्षे उलटली आणि गुंतवणूकदार वाटच पाहत राहिले.

मनी लाँडरिंगचा कायदा सरकारला काळ्या पैशापासून वाचवतो, कर तिजोरी भरतो. छोट्या माणसाला वाचवणारा कायदा मात्र अजून आलेला नाही.

बंदी, मोकळीक की नियमन?

बंदीवाल्यांचा मुद्दा असा: ही वस्तू जुगार आहे, बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या वरिष्ठांनी जाहीर भाषणांतून हे मत मांडले आहे. पण बंदीने इंटरनेटवरची देवाणघेवाण थांबत नाही, ती अंधारात जाते. आणि गुन्हेगार ठरवणारे कायदे आधी कोणाच्या दारात पोहोचतात, हे आपण भटक्या-विमुक्तांना विचारावे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी वस्तीवरची पोलिसांची नजर अजून गेलेली नाही. बंदी आली तर दुबईत बसलेला सूत्रधार सापडणार नाही. साखळीत खाली जोडलेला, दोन हजारांच्या कमिशनवर मित्राला आणणारा पोरगा सापडेल.

मोकळीक मागणाऱ्यांपैकी आपले काहीजण म्हणतात, बँका आपल्याला कर्ज देत नाहीत, आडनाव आणि पत्ता पाहून फाइल बाजूला पडते, मग क्रिप्टो हीच मुक्ती. दुखणे खरे आहे. वस्तीचा पत्ता लिहिल्यावर अधिकाऱ्याचा चेहरा कसा बदलतो हे मीही पाहिले आहे. पण बँकेचे दार बंद आहे म्हणून राखणदार नसलेल्या वाड्यात शिरणे हा उपाय नाही. बँकेचे दार उघडण्यासाठी लढणे हा उपाय आहे. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विमा सरकारी मक्तेदारीचा असावा आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. १९२५ मध्ये सरकारच्या मनमानीला बांध घाला म्हणणारे आणि १९४७ मध्ये राज्याने जबाबदारी घ्यावी म्हणणारे बाबासाहेब वेगळे नाहीत. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: सत्ता ज्याच्या हातात, त्याला जाब विचारता येतो का? सरकारी सत्तेला हा प्रश्न लागू आहे, तसाच खाजगी सत्तेलाही.

म्हणून आपली भूमिका नियमनाची असली पाहिजे, आणि नियमन म्हणजे केवळ करवसुली नव्हे. ग्राहकांची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याचे बंधन हवे. कंपनी बुडाली तर चालकांची स्वतःची मालमत्ता जबाबदार धरली जावी. १९२५ ची कसोटी हीच सांगते. तक्रार इथेच, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मराठीतून करता यावी. छोट्या गुंतवणूकदाराला तोटा वजा करण्याची मुभा हवी. 'खात्रीशीर परतावा' अशी जाहिरात करणाऱ्यावर तत्काळ कारवाई हवी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असा सर्वंकष कायदा केला आणि २०२४ पासून तो लागू केला. अमेरिकेने २०२५ मध्ये डॉलरशी जोडलेल्या स्टेबलकॉइनसाठी पूर्ण राखीव निधीची अट घातली. ते कायदे निर्दोष आहेत असे नाही. पण संसदेत चर्चा होऊन कायदा होऊ शकतो, हे त्यातून दिसते. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत चलन आणि रिझर्व्ह बँक हे दोन्ही विषय केंद्राच्या यादीत आहेत. जबाबदारी कोणाची, याबद्दल संदिग्धता नाही.

हीच कसोटी सरकारच्या डिजिटल रुपयालाही लावू. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य वापरासाठी त्याची चाचणी सुरू झाली. पैसा ठरावीक कामासाठीच खर्च करता येईल, अशी सोय त्यात करता येते, हे रिझर्व्ह बँक स्वतः सांगते. उद्या शिष्यवृत्ती अशा रुपयात आली, आणि तो कुठे, कधी, कशावर खर्चायचा हे दिल्लीतून ठरले तर? व्यवहाराची नोंद कोण पाहणार? हे परिपत्रकाने नव्हे, संसदेच्या कायद्याने ठरले पाहिजे. ठगाच्या टांकसाळीला विरोध करताना सरकारच्या टांकसाळीवरची नजर काढायची नाही, हाच 'रुपयाच्या प्रश्ना'चा धडा आहे.

आपल्या घरातले काम

शेवटी आपल्या चळवळीबद्दल. या योजना नात्याच्या, जातीच्या आणि विश्वासाच्या वाटेने पसरतात. शेअर दलालावर आपण संशय घेतो, 'जय भीम' म्हणणाऱ्यावर घेत नाही. ठग हे ओळखतात. म्हणून विहारात, अभ्यासिकेत, महिला मंडळात हा विषय बोलला गेला पाहिजे. खात्रीशीर परतावा, माणसे जोडण्यावर कमिशन आणि 'कोणाला सांगू नका' या तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी पैसे देऊ नका. फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. पोलिसांत लेखी तक्रार देताना ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा २०१९ चा केंद्राचा कायदा यांचा उल्लेख करा. आपले प्रकरण त्यात बसते की नाही हे वकील सांगेल, पण निदान अर्ज घेणारा माणूस तुम्हाला अडाणी समजणार नाही.

त्या मुलाची तक्रार आम्ही चौघांनी सोबत जाऊन दिली. दोनदा परत पाठवले, तिसऱ्यांदा पोच मिळाली. पैसे मिळालेले नाहीत. त्याची आई अजून दर महिन्याला बचत गटाचा हप्ता भरते आहे, कारण गटातल्या बायकाही तिच्यासारख्याच आहेत आणि त्यांचे पैसे बुडवणे तिला मान्य नाही. निर्णय दुसऱ्याचा आणि नुकसान तिचे. बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी जे मांडले ते समजायला मला त्या माउलीकडे पाहिल्यावर ग्रंथ उघडायचीही गरज उरली नाही.

तरी आम्ही तो उघडला आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आहे. इंग्रजी जड जाते, एका रविवारी चार पाने होतात. मोठ्याने वाचायचे काम तोच मुलगा करतो.

जय भीम!